दातांच्या विकृती आणि चेहऱ्याच्या दुखापती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तोंड, जबडे आणि चेहऱ्याची हाडे यांच्यावरील शस्त्रक्रियांचा विचार करणाऱ्या शाखेला मुखशल्यचिकित्सा म्हणतात. दातांच्या वाढीतील विकृती आणि चेहऱ्याच्या दुखापती हे या शाखेचे दोन स्वतंत्र विभाग मानले जात असले, तरी प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. कारण लहानपणी बसलेला मार काही वर्षांनी दाताची विकृती होऊन प्रकट होऊ शकतो, तर जबड्यात अडकलेल्या दातामुळे हाड कोठे मोडेल यातही फरक पडतो. या विषयांतील बरेचसे गैरसमज डोळ्यांना दिसते तेवढ्यावरून निष्कर्ष काढल्यामुळे निर्माण झाले आहेत. दाताचे मूळ, कायमच्या दाताचा अंकुर, जबड्याचा सांधा आणि डोळ्याच्या खोबणीचा तळ ही महत्त्वाची ठिकाणे मात्र नजरेआड असतात.

१. गैरसमज : दातासह जन्मलेले मूल अपशकुनी असते आणि बाळाचे वरचे दात आधी आले तर ते मामाला वाईट असते.

वस्तुस्थिती : साधारण दोन ते तीन हजार नवजात बालकांमागे एकाच्या तोंडात जन्मतःच दात आढळतो. असे बहुतेक दात जादा नसून वेळेआधी उगवलेले दुधाचेच, आणि तेही सहसा खालच्या पटाशीचे असतात, त्यामुळे ते काढल्यास त्या जागी दुधाचा दुसरा दात येत नाही. दात इतका डुगडुगत असेल की तो निसटून श्वासनलिकेत जाण्याची भीती वाटावी, किंवा त्याच्या धारेने जिभेखाली व्रण पडून बाळाला दूध ओढता येत नसेल, तरच तो काढण्याचा विचार होतो. नवजात बालकाच्या शरीरात रक्त गोठण्यासाठी लागणारे के जीवनसत्त्व कमी असते, म्हणून घरच्या घरी दात उपटणे धोक्याचे ठरते. वरचे दात आधी येणे हा दात येण्याच्या क्रमातील केवळ एक फरक असून त्याचा कोणत्याही नातेवाइकाशी संबंध नाही.

२. गैरसमज : काही मुलांच्या जबड्यात खरोखरच शेकडो दात उगवतात.

वस्तुस्थिती : 2014 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सतरा वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यातून 232 दात काढल्याची, तर 2019 साली चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून 526 दात काढल्याची बातमी जगभर गाजली. या दोन्ही मुलांना ओडोंटोमा झाला होता. ही दात घडवणाऱ्या पेशींची, कर्करोग नसलेली गाठ असून तिच्यात दातासारखे लहानमोठे कठीण तुकडे तयार होतात. खरे जादा दात हा वेगळा प्रकार आहे. कायमच्या दातांच्या बाबतीत ते शंभरात सुमारे एक ते तीन जणांना आढळतात आणि बहुधा वरच्या पटाशीच्या दोन मधल्या दातांच्या दरम्यान येतात. ओडोंटोमा आणि जादा दात हे दोन्ही पुष्कळदा काहीही न दुखता राहतात. नेहमीचा दात वेळेवर का आला नाही हे पाहण्यासाठी क्ष-किरण चित्र काढले, म्हणजे ते लक्षात येतात.

३. गैरसमज : दुधाचे दात पडणारच असतात, म्हणून त्यांना लागलेला मार गंभीर नसतो.

वस्तुस्थिती : दुधाच्या वरच्या पटाशीच्या दाताच्या मुळामागे अगदी लगतच कायमच्या दाताचा अंकुर असतो, आणि पहिल्या तीन वर्षांत त्यावर एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, चढत असते. चालायला शिकणारे मूल तोंडावर पडून दुधाचा दात हिरडीत आत घुसला, तर त्याचे मूळ या अंकुरावर आदळू शकते. त्याचा परिणाम सहा-सात वर्षांच्या वयात दिसतो : कायमच्या दातावर पांढरे वा तपकिरी डाग पडतात, एनॅमल अपुरे राहते, किंवा दाताचा माथा आणि मूळ यांच्यात बाक येऊन दात बाहेरच येत नाही. पालकांना जन्मजात वाटणारी विकृती अशा वेळी विसरलेल्या दुखापतीची खूण असते.

४. गैरसमज : उखडून पडलेला दात निकामी होतो, बसवायचाच असेल तर तो आधी घासून स्वच्छ करावा.

वस्तुस्थिती : डेन्मार्कच्या जे. ओ. आंद्रेआसेन यांनी सहकाऱ्यासह 1966 साली पुन्हा बसवलेल्या 110 दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दहापैकी नऊ दातांची मुळे झिजली नव्हती, उलट दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या जवळजवळ सर्व दातांची मुळे झिजली होती. मुळाला हाडाशी जोडणाऱ्या तंतूंतील पेशी कोरड्या पडल्या की तासाभरात मरतात आणि मूळ घासल्यास खरवडून निघतात. म्हणून कायमचा दात माथ्याकडून धरावा, मळलेला असल्यास दुधाने वा सलाइनने हलकेच धुवावा आणि लगेच खोबणीत बसवून रुमालावर चावून धरावा. हे जमत नसेल तर तो दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवत नाहीत, कारण त्यामुळे खालच्या अंकुराला इजा होऊ शकते.

५. गैरसमज : चेहऱ्यावर मोठी जखम नसेल तर हाड शाबूत असते, आणि जखम असेल तर मोडही तेथेच असतो.

वस्तुस्थिती : फ्रेंच शल्यचिकित्सक रने ल फोर यांनी मृतांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात याचा अभ्यास केला आणि 1901 साली अशा तीन रेषा सांगितल्या. पहिलीत वरच्या दातांसह टाळूचा भाग सुटतो, दुसरीत नाकाच्या मुळापासून पिरॅमिडच्या आकाराचा भाग, तर तिसरीत जवळजवळ संपूर्ण चेहरा कवटीपासून अलग होतो. खऱ्या अपघातांत हे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात हे सीटी स्कॅनने दाखवले असले, तरी बसलेला आघात ठरावीक कमकुवत जागी प्रकट होतो हे तत्त्व टिकून आहे. हनुवटीवर बसलेला मार खालच्या जबड्यातून मागे जाऊन कानापुढील सांध्याजवळ हाड मोडतो. लहान मुलाच्या हनुवटीला टाके घालून घरी पाठवले आणि हा मोड नजरेतून सुटला, तर पुढे सांधा आखडून तोंड उघडेनासे होते आणि जबड्याची वाढ खुंटते. मुलांच्या डोळ्याच्या खोबणीचा पातळ तळ तुटून डोळा फिरवणारा स्नायू त्या फटीत अडकतो, तेव्हा डोळा बाहेरून पांढरा स्वच्छ दिसतो. पण वर पाहता येत नाही, मळमळते, नाडी मंदावते आणि तातडीची शस्त्रक्रिया लागते.

६. गैरसमज : अडकलेली अक्कलदाढ सरसकट काढून टाकली की जबडा सुरक्षित होतो.

वस्तुस्थिती : अक्कलदाढ असलेल्या जबड्याचा मागचा कोपरा आघाताने मोडण्याची शक्यता अधिक असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे, पण त्याच अभ्यासांपैकी काहींत ती नसलेल्यांच्या जबड्याच्या सांध्याजवळील मोड, ज्यांचे उपचार अधिक अवघड असतात, जास्त दिसले. म्हणजे दाढ काढल्याने धोका नाहीसा होण्याऐवजी त्याची जागा बदलू शकते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही 2000 साली रोगमुक्त अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत असे सांगितले. वारंवार सूज येणे, शेजारच्या दाढेला कीड लागणे किंवा भोवती पाण्याची गाठ होणे ही दाढ काढण्याची ग्राह्य कारणे आहेत.

चेहऱ्याला मार लागल्यावर वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळतात का, तोंड पुरते उघडते का, गाल वा ओठ बधिर झाला आहे का आणि एका वस्तूच्या दोन दिसतात का, या चार प्रश्नांची उत्तरे सूज आणि रक्तस्राव यांच्यापेक्षा अधिक माहिती देतात. त्यांपैकी एकही उत्तर शंकास्पद असेल, तर जखम किरकोळ दिसत असली तरी मुखशल्यचिकित्सकाकडून तपासणी आणि गरजेप्रमाणे क्ष-किरण चित्र वा सीटी स्कॅन करून घेणे आवश्यक ठरते.