मुख्य विषय एक, जोडविषय माध्यमांचा



आपल्या वर्गातली मोठी मुले आता अकरावी-बारावीत आली आहेत आणि बऱ्याच घरांत एकच वाद रंगू लागला आहे. मुलीला लिहायचे आहे, व्हिडिओ करायचे आहेत. आईवडील म्हणतात, आधी इंजिनीअरिंग किंवा कॉमर्सची पदवी हातात पडू दे, मग बघू. ‘मग बघू’ म्हटलेले बहुधा राहूनच जाते. पण दोन्ही एकत्र साधणारी एक सोय हल्ली कॉलेजातच असते. तिचे नाव मायनर.

मायनर म्हणजे काय?

पदवी ज्या विषयात मिळते तो मेजर, म्हणजे मुख्य विषय. त्याच्या जोडीला ठरावीक तास शिकायचा दुसरा विषय तो मायनर. त्याला आपण जोडविषय म्हणू. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक (क्रेडिट) लागतात. त्यांतले 60 मुख्य विषयाचे आणि 24 जोडविषयाचे. एका श्रेयांकाला वर्गातले साधारण 15 तास धरले, तर जोडविषयाचे 360 तास होतात. इंजिनीअरिंगचा हिशेब वेगळा आहे. तिथे मायनर हवा असेल तर नेहमीच्या अभ्यासक्रमावर आणखी 18 ते 20 श्रेयांक करावे लागतात. म्हणजे तो जादा अभ्यास आहे, हे आधीच लक्षात घ्यावे.

आपल्या इथे अमिरातीत अमेरिकन पद्धतीच्या विद्यापीठांत मायनर हा जुनाच प्रकार आहे. ब्रिटिश पद्धतीत मात्र सहसा पहिल्या दिवसापासून एकच विषय धरतात. तिथे मायनर मिळेलच असे नाही.

या विषयात शिकवतात तरी काय?

‘नुसते कॅमेरे आणि मुलाखती’ असा अनेकांचा समज असतो. इंजिनीअर पालकांसाठी एक गंमत सांगतो. 1948 साली क्लॉड शॅनन या अमेरिकन इंजिनीअरने संदेशवहनाचे गणित मांडले. तुमच्या मोबाईलमधला प्रत्येक ‘बिट’ त्या गणितावर चालतो. पण शॅननने सुरुवातीलाच स्पष्ट केले की संदेशाचा अर्थ काय, हा इंजिनीअरचा प्रश्न नव्हे. संदेश पोचला की इंजिनीअरचे काम संपले.

त्याच 1948 साली हॅरॉल्ड लासवेल या राज्यशास्त्रज्ञाने उरलेला प्रश्न हाती घेतला. कोणताही संदेश तपासायचा असेल तर पाच गोष्टी विचारा: कोण बोलतो? काय बोलतो? कोणत्या मार्गाने? कोणाशी? आणि परिणाम काय होतो? माध्यमांच्या अभ्यासाची सुरुवात आजही बहुधा या पाच प्रश्नांनी होते.

मुलांनो, एक प्रयोग करा. घरच्या ग्रुपवर आलेला ‘अमुक फळ खाल्ल्याने मधुमेह बरा होतो’ असा एखादा मेसेज घ्या आणि त्याला हे पाच प्रश्न लावा. बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाला उत्तर सापडत नाही. मग आजीला न दुखावता समजावून सांगा. हीसुद्धा माध्यमविद्याच!

याशिवाय बातमी लिहिणे, आवाज व चित्रफीत संपादित करणे, जाहिरात, माध्यमांचा इतिहास, नीती आणि कायदा असे भाग असतात. कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथे राहणाऱ्यांना तो फार कामाचा आहे. अमिरातीच्या 2021 च्या सायबर कायद्यानुसार, एखाद्याच्या खाजगीपणावर घाला येईल असा फोटो परवानगीशिवाय काढणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे. मॉलमधला गमतीचा व्हिडिओ टाकण्यापूर्वी हे माहीत हवे.

आपली परंपरा काय सांगते?

मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघाले. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवू लागले. ‘केसरी’चे लोकमान्य टिळकही गणिताचेच पदवीधर. आपल्या काळातले डॉ. जयंत नारळीकर (निधन 2025) खगोलशास्त्रज्ञ होते, पण मराठीतून विज्ञानकथा आणि लेख लिहून त्यांनी आकाश घराघरांत आणले. त्याबद्दल 1996 साली त्यांना युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले.

या तिघांकडे सांगण्यासारखे काही होते आणि ते सांगण्याची कलाही होती. नुसती कला असेल तर बोलणे पोकळ होते आणि नुसते ज्ञान असेल तर ते वहीत पडून राहते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज दिसते. प्रोग्राम चांगला लिहिणारे पुष्कळ असतात. तो ग्राहकाला का हवा, हे साध्या शब्दांत सांगणारा एखादाच. बैठकीला त्यालाच आधी बोलावतात.

आणखी एक गोष्ट. ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापत. दोन भाषांत ये-जा करणे ही आपल्या मुलांची रोजचीच सवय आहे. शनिवार-रविवारी इथे येऊन शिकलेले मराठी पुढे या जोडविषयात भांडवल ठरू शकते.

फॉर्म भरण्यापूर्वी विचारा

1. जोडविषयाचे नाव गुणपत्रिकेवर येते का?
2. प्रत्यक्ष काम किती? स्टुडिओ, कॉलेजचे वार्तापत्र, इंटर्नशिप आहे का?
3. मुख्य विषयाच्या प्रयोगशाळेशी तासांची टक्कर होते का?
4. पुढे याच विषयात एम.ए. करायचे झाल्यास हा मायनर पुरतो का? (उदाहरणार्थ, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या पत्रकारिता विभागाचे प्रवेशाचे नियम आधी वाचून ठेवावेत.)

पालकांनीही एक ध्यानात ठेवावे. मायनर म्हणजे मुलाची समजूत काढायला दिलेले खेळणे नव्हे. 360 तास द्यायचे तर मनापासून द्यावेत. आणि ज्याला पूर्णवेळ पत्रकारच व्हायचे आहे, त्याला मायनरवर भागवायला लावू नये.

तोवर घरबसल्या आणि घराजवळ करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या अल क्वोजमध्येच जुन्या गोदामांतून उभे राहिलेले अलसरकाल अव्हेन्यू आहे. तिथली चित्रदालने पाहा, सिनेमा अकीलमध्ये एखादा वेगळ्या देशाचा चित्रपट पाहा. आणि परत आल्यावर या वार्तापत्रासाठी दहा ओळी मराठीत लिहून द्या. तुमचा पहिला वाचकवर्ग इथेच बसलेला आहे!

— एक पालक