दुसऱ्याचा धर्म, त्याला ओळखू येईल असा

पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘जगातील प्रमुख धर्मांची ओळख’ हा पेपर शिकवताना पहिल्या तासाला मी फळ्यावर एक तक्ता आखते. वरच्या ओळीत हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी. डाव्या बाजूला संस्थापक, धर्मग्रंथ, देव, शिकवण, सण. मुलं झरझर लिहायला लागतात, कारण शाळेत धर्म असाच पाठ केलेला असतो. ख्रिस्ती आणि इस्लामचे रकाने लगेच भरतात. मग पेनं अडखळतात. हिंदू धर्माचा संस्थापक कोण? एकच ग्रंथ लिहायचा तर कोणता? जैन आणि बौद्धांच्या रकान्यात ‘देव’ या शब्दासमोर काय लिहायचं? ज्यूंचा संस्थापक अब्राहाम की मोझेस?

तक्ता अर्धवट राहतो आणि अभ्यास तिथून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांनी जगातल्या धर्मांची वर्गवारी केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ख्रिस्ती धर्माचा, त्यातही प्रॉटेस्टंट पंथाचा नमुना होता: एक संस्थापक, एक ग्रंथ, श्रद्धेची ठरावीक कलमं. माक्स म्युलर यांच्या पुढाकाराने १८७९ ते १९१० या काळात ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’चे ५० खंड निघाले. त्या कामाचं मोल मोठं आहे. पण धर्म म्हणजे मुख्यतः ग्रंथ, ही समजूतही अशाच कामांमुळे पक्की झाली. म्हणून दुसऱ्या तासाला आम्ही निनियन स्मार्ट यांच्या पद्धतीकडे वळतो. १९६७मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात धर्म-अभ्यासाचा विभाग उभा करणारे स्मार्ट धर्माकडे अनेक अंगांनी पाहायला सांगतात: विधी, कथा, अनुभव, समाज, नीती, सिद्धांत आणि मूर्ती-वास्तूंसारख्या वस्तू. या चौकटीत हळदीकुंकवालाही जागा मिळते आणि उपनिषदांनाही.

पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘मुलांना कोणता धर्म शिकवता?’ प्रश्न रास्त आहे. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्मांविषयी अभ्यास करणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. आमचा वर्ग त्या फरकावर उभा आहे.

या पेपरात मला सर्वांत जास्त रमवणारं काम दिनदर्शिकांचं. मुलं घरून कालनिर्णय आणतात आणि गटागटाने बसून एकच प्रश्न सोडवतात: कोणता सण का सरकतो? चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. आपल्याकडे अधिक महिना घालून हा फरक भरून काढतात. ज्यू पंचांगात १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना येतो, कारण पेसाहचा सण वसंतातच यायला हवा. इस्लामी कालगणनेत महिना वाढवायला कुराणाचीच मनाई आहे, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा मूळ जागी येतो. भारतातल्या बहुसंख्य पारशांच्या शहेनशाही पंचांगात वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही. त्यामुळे त्यांचं नवं वर्ष सरकत सरकत ऑगस्टमध्ये आलं आहे. गणित सुटलं की वर्गातून आपसूक पुढचा प्रश्न येतो: मे महिन्यातला रोजा आणि डिसेंबरातला रोजा सारखाच असतो का? उत्तर देणारी मुलगी वर्गातच बसलेली असते. ती पहाटेच्या सहरीपासून सांगू लागते, आणि गणितातले ११ दिवस मुलांना तहानेच्या भाषेत कळतात.

मग आम्ही वर्गाबाहेर पडतो. पुण्यातल्या कॅम्पमध्ये ओहेल डेव्हिड सिनेगॉग आहे, पुणेकरांचं लाल देऊळ. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून बांधलेली ही वास्तू १८६७ची. आवारातच त्यांची समाधी आहे. ससून बगदादी ज्यू. त्यांच्या कितीतरी आधीपासून कोकणात राहणाऱ्या बेने इस्रायलींची मातृभाषा मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत. पेसाहच्या रात्री वाचायची हगादा १८७४मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ त्याहून कितीतरी जुनं, गोव्यात १६१६ साली छापलेलं. जगातले धर्म लांबच्या देशांत शोधावे लागत नाहीत, हे मुलांना इथे दिसतं. अग्यारीच्या दाराशी मात्र आम्ही थांबतो. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, आणि तो नियम पाळणं हाही अभ्यासाचाच भाग आहे.

कार्ल्याला एकाच जागी तीन धडे मिळतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावं. त्यांत धेनुकाकट गावचे काही यवनही आहेत. चैत्याच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ, तिथे कोळी-आगरी भाविकांची रांग. मुलं विचारतात, ‘मॅडम, ही जागा नक्की कुणाची?’ उत्तर देण्याऐवजी मी त्यांना रांगेतल्या माणसांशी बोलायला पाठवते. प्रत्येकाने काय सांगितलं ते वहीत त्याच्याच शब्दांत उतरवायचं.

त्या वहीतून पेपरातला सगळ्यात अवघड लेखनसराव तयार होतो. आपला नसलेला एक धर्म एका पानात मांडायचा आणि ते पान त्या धर्माच्या घरातल्या वर्गमित्राला वाचायला द्यायचं. कॅनेडियन अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांची कसोटी अशी, की एखाद्या श्रद्धेविषयीचं विधान ती श्रद्धा जगणाऱ्याला पटलं पाहिजे. पहिल्या मसुद्यांत घरचा धर्म खात्रीच्या सुरात येतो आणि दुसऱ्याचा ऐकीव गोष्टीसारखा. लाल खुणा होतात, पान पुन्हा लिहिलं जातं.

कसोटीही पुरी पडत नाही, हे बौद्ध धर्माच्या पानावर कळतं. कुणी लिहितं, की म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडलं. बौद्ध घरातला विद्यार्थी म्हणतो, ‘आमच्याकडे असं सांगत नाहीत.’ १९५७मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये डॉ. आंबेडकरांनी ही कथा नाकारली आणि शाक्य-कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचं कारण मांडलं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात ज्यांच्या आजी-आजोबांनी दीक्षा घेतली, त्यांचा बुद्ध आणि पाठ्यपुस्तकातला बुद्ध यांत अंतर आहे. तेव्हा पानावर दोन्ही लिहायचं: कोण सांगतं, कधीपासून सांगतं, आणि त्या सांगण्यामागे कुठला अनुभव आहे.

एका सत्रात कुणी धर्मांचा जाणकार होत नाही. परीक्षेत टिपा लिहून गुण मिळतात आणि पुष्कळसं विसरलंही जातं. पण शेजारच्या माणसाच्या श्रद्धेबद्दल वाक्य लिहिताना ‘हे त्याला दाखवलं तर तो काय म्हणेल?’ असा विचार करायची सवय टिकते, असं मला दिसलं आहे. ज्या देशात इतके धर्म एकाच बसमधून प्रवास करतात, तिथे ही सवय प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याला, अभियंत्याला आणि डॉक्टरलाही, लागायला हवी. म्हणून हा पेपर ऐच्छिक विषयांच्या यादीच्या तळाशी राहू नये.