गावासाठी बिनतारी जाळे : एक मोठे यंत्र की अनेक लहान ठाणी?

जळगावला लागून असलेले मेहरूण तलावासाठी व बोरांसाठी खानदेशात सर्वपरिचित आहे. तलावाच्या मोकळ्या काठावरून दूरवरचे दिसते. पण बागेत शिरताच नजर अडते. वाय-फायच्या बिनतारी लहरींचेही असेच आहे. मोकळ्या जागेत त्या दूर जातात. जाड भिंती, पत्र्याची छपरे व केळीची पाणीदार पाने त्यांना अडवितात किंवा शोषून घेतात.

आज हवामानाचा इशारा, बाजारभाव व पीक विम्याचा अर्ज ही सर्व कामे फोनवर होतात. मुदतीच्या अखेरच्या दिवशी जोड मिळाला नाही, तर नुकसान शेतकऱ्याचे होते. म्हणून ग्रामपंचायतीने पैसा खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंचायतीच्या छपरावर एकच शक्तिशाली यंत्र बसविल्याने गावाची सोय होत नाही. यंत्राच्या लहरी दूरच्या फोनपर्यंत पोहोचतील. पण फोनच्या क्षीण लहरी यंत्रापर्यंत परत येणार नाहीत. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हावी लागते.

यावर उपाय म्हणजे योग्य अंतरावर अनेक लहान ठाणी, म्हणजेच ॲक्सेस पॉइंट, बसविणे. धुळे भागात पांझरा नदीवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने व चाऱ्यांनी शेतोशेती पोहोचते. तसाच मुख्य जोड तारेने प्रत्येक ठाण्यापर्यंत न्यावा व तेथून पुढे तो बिनतारी वाटावा.

उभारणी करताना पुढील नियम पाळावेत :

१. प्रथम फोन हाती घेऊन गावात फिरावे व लहरी कोठे क्षीण होतात ते नकाशावर नोंदवावे. शाळा, सोसायटी, दवाखाना अशा वर्दळीच्या जागी ठाणी योजावीत.

२. तांब्याची नेटवर्क तार १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. त्यापुढे प्रकाशतंतूची तार वापरावी.

३. सर्व ठाण्यांचे नाव व परवलीचा शब्द एकच ठेवावा; पण शेजारच्या ठाण्यांच्या वाहिन्या वेगळ्या असाव्यात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहीत.

४. ठाण्यांची शक्ती बेताची ठेवावी. ती फार असल्यास चालता माणूस पुढे गेला, तरी त्याचा फोन मागच्याच ठाण्याला चिकटून राहतो.

५. वीज गेल्यास ठाणी चालू राहावीत म्हणून बॅटरीची सोय करावी. उंच जागेवरील यंत्रास विजेपासून संरक्षण द्यावे.

पालघर जिल्ह्यात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरींवरून खेड्यांपर्यंत जोड नेला व खेड्यांत वाय-फायची ठाणी उभारली. २०१७ साली या कामास मोझिलाचे पारितोषिक मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेमुळे गावातील दुकानदारासही परवान्यावाचून अशी सार्वजनिक सेवा देता येते.

फडावर पाणी वाटण्यास पाटकरी असतो. बिनतारी जाळ्यासही असा एक जबाबदार माणूस हवा. ठाणी तपासणे, बॅटरी पाहणे व तक्रारींची नोंद ठेवणे हे काम ग्रामसभेने प्रारंभीच एकाकडे सोपवावे. यंत्रे विकत मिळतात. निगा मात्र गावालाच राखावी लागते.