शहापूर-मुरबाडच्या मुलांनीं उच्च गणित कां सोडावें?

दहावीचा निकाल लागला कीं शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील घराघरांत एक प्रश्न उभा राहतो आणि बहुधा एकाच संध्याकाळीं त्याचा निकाल लागतो. अकरावीस गणित घ्यावें कीं सोडावें? शेजारी म्हणतो, विषय अवघड आहे. मामा म्हणतो, हिशेब येतो तेवढें पुरे. मुलगी असल्यास इतकीही चर्चा होत नाहीं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पुढील आयुष्याच्या वाटा त्या संध्याकाळीं ठरून जातात, हें आमच्या वाचकांपैकीं किती जणांच्या ध्यानांत येतें?

वाटा म्हणजे कोणत्या, तें स्पष्टच सांगूं. बारावीस गणित नसेल तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, वास्तुविद्या, तसेंच गणित व संख्याशास्त्र यांतील पदवी हे मार्ग बंद होतात. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेंत २०० गुणांपैकीं १०० गुण एकट्या गणिताचे असतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेंत ९०० पैकीं ३०० गुण गणिताचे आहेत, आणि २०२२ पासून तेथें मुलींनाही प्रवेश मिळूं लागला आहे. दार उघडलें, परंतु ज्या मुलीनें अकरावींतच गणित सोडलें, तिला त्या उघड्या दाराचा काय उपयोग?

कोणी विचारील, शेतकऱ्याच्या व दुकानदाराच्या मुलाला कलनशास्त्र कशाला हवें? आम्ही त्यांस भातसा धरणाकडे बोट दाखवितों. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग याच धरणांतून जातो. तानशाचें पाणी तर १८९२ पासून मुंबईकर पीत आहेत. पावसाळ्यांत पाण्याची आवक घटकेघटकेस बदलते, विसर्ग बदलतो. अशा बदलत्या वेगांवरून एकूण सांठा काढणें हेंच संकलन, आणि सांठ्यावरून त्या क्षणाचा वेग काढणें हेंच विकलन. हाच विषय बारावीच्या पुस्तकांत आहे. ज्यांच्या तालुक्यांतून हें पाणी जातें, त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत बायका टँकरची वाट पाहत उभ्या राहतात. पाण्याचें माप करणारा अभियंता याच पाड्यांवरून निघावा, अशी इच्छा धरणें हें कांहीं वावगें नाहीं. व्यापारी बंधूंसही आमचें सांगणें आहे कीं, ज्या कर्जाचा मासिक हप्ता ते भरतात, तो भूमिती श्रेढीवरून निघतो. आणि ती श्रेढी अकरावींतच शिकवितात.

"आमच्या मुलांचें डोकें तेवढें चालत नाहीं," हा आक्षेप तर आम्हांस मुळींच मान्य नाहीं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ सालीं डहाणूस जन्मले; डहाणू तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होतें. त्यांनीं देवळालीस शाळामास्तरकी करीत आयुष्य घालविलें आणि ६१७४ ही संख्या जगप्रसिद्ध केली. वाचकांनीं स्वतःच करून पाहावें. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर तीच कृति पुन्हां करावी. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार झालें तर सात वेळां करावें लागतें. यास ना प्रयोगशाळा लागली, ना पैसा. एक पाटी व चिकाटी पुरली. रँग्लर परांजपेही दापोलीजवळच्या मुर्डी गांवचेच. १८९९ सालीं केंब्रिजास ते गणितांत पहिले आले. खेड्यांत बुद्धि नसते असें म्हणणाऱ्यांनीं हीं दोन नांवें लक्षांत ठेवावीं.

मग अडतें कोठें? पहिली अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठींतून शिकलेल्या मुलापुढें अकरावीच्या विज्ञानशाखेंत एकाएकीं इंग्रजी पुस्तक येतें. मर्यादा, फल, सदिश या कल्पना अवघड नसतात, त्यांचीं नवीं नांवें अवघड वाटतात. दुसरी वाटेची. शहापूरच्या मुलास आसनगांवाहून लोकल तरी मिळते; मुरबाडच्या मुलास कल्याण गांठण्यास एस. टी. वांचून गति नाहीं, आणि आड पाड्यावरच्या मुलीस ती एस. टी. गांठण्यासच पायपीट करावी लागते. तिसरी शिक्षकाची. हा विषय कंटाळून शिकविला तर मुलें घाबरतात, आणि घाबरलेलीं मुलें विषय सोडतात. मग संख्या कमी म्हणून तुकडी बंद होते, आणि तुकडी नाहीं म्हणून पुढच्या वर्षीं कोणी येत नाहीं.

या तिन्ही अडचणी असाध्य नाहींत. अकरावी सुरू होण्यापूर्वीं सुट्टींत महिनाभर मराठी-इंग्रजी परिभाषेचा जोडवर्ग चालवावा. लहान महाविद्यालयांनीं मिळून एक चांगला गणितशिक्षक नेमावा व त्यानें वार वांटून शिकवावें. शहापुरास आदिवासी विकासाचें प्रकल्प कार्यालय आहे. त्यानें आश्रमशाळांतील हुशार मुलामुलींस हा विषय घेण्यास आपण होऊन उत्तेजन द्यावें. आणि बाजारपेठेंतील व्यापाऱ्यांनीं, गणपति-उत्सवाची वर्गणी देतात त्याच हातानें, दोन गरीब विद्यार्थ्यांच्या पुस्तकांचा व एस. टी. च्या पासाचा खर्च उचलावा.

महात्मा फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें कीं, पैसा रयतेचा आणि उच्च विद्या मात्र वरच्या थोड्यांस. या तालुक्यांचें पाणी शहरास जातें, त्यास आमची हरकत नाहीं. तहानलेल्यास पाणी द्यावें. पण विद्येच्या बाबतींत आमच्या मुलांनीं काठावर कोरडें बसून राहावें, हें आम्हांस मान्य नाहीं. प्रत्येक मुलानें गणित घ्यावेंच असा आमचा आग्रह नाहीं. न घेणाऱ्यानें तें विचार करून सोडावें, आणि घेऊं इच्छिणाऱ्यास तें आपल्या तालुक्यांत मिळावें, इतकेंच आमचें मागणें आहे. यंदा घरांत तो प्रश्न निघाला म्हणजे निकाल देण्याची घाई न करितां आधीं मुलाला, आणि मुलीलाही, तिचें मत विचारावें.