मोड नसलेलं यंत्र
वस्तू आणि बाजार : लेखांक ७

गेल्या आठवड्यात पितळेच्या भांड्यांना स्टीलने कसं मागे सारलं ते पाहिलं. त्या लेखात ओझरता आलेला एक शब्द आज पुन्हा लागणार आहे. तो शब्द म्हणजे मोड. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. गुंड, घागर, परात, गंज घ्यायला गेलं की घरचं जुनं पितळ तराजूत टाकायचं, त्याचा भाव, म्हणजेच मोड, नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करायचा आणि उरलेले पैसे द्यायचे, ही जुनी रीत. घागर चेपली, तिचा तळ झिजला, तरी तिच्यातला धातू घरच्या शिलकीतच धरलेला असे. म्हणजे गिऱ्हाईक मनातल्या मनात भांड्याची पूर्ण किंमत धरतच नसे. किंमत वजा मोड, एवढाच त्याचा खर्च. हा हिशेब घेऊन आज अगदी वेगळ्या वस्तूकडे वळू. हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, ज्याला हॅन्डहेल्ड कन्सोल म्हणतात, त्याचं नवं मॉडेल आलं की जगभर त्याची चर्चा होते. भंडारा, तुमसर, साकोली, पवनीच्या बाजारपेठेत मात्र त्याचे पाय रुजत नाहीत. असं का व्हावं?

पटकन सुचणारं उत्तर किमतीचं आहे, आणि ते खोटं नाही. आसूस कंपनीचं ‘आरओजी अलाय’ जुलै २०२३ मध्ये भारतात आलं ते ६९,९९० रुपयांना. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. म्हणजे एका यंत्रापायी ३२ क्विंटल धान. चांगलं पिकलेलं दोन एकरांचं रान त्यात जाईल, आणि हे खत, मजुरी, मळणी काही न वजा करता. पण किमतीचं उत्तर थोडं पुढे नेलं की अडखळतं. सोनीचं ‘प्लेस्टेशन व्हिटा’ फेब्रुवारी २०१२ मध्ये १९,९९० रुपयांना आलं. तेव्हा धानाचा हमीभाव १,०८० होता, म्हणजे साडेअठरा क्विंटल. त्याच सोनीचं ‘प्लेस्टेशन पोर्टल’ पुढे १८,९९० रुपयांना आलं. तेव्हाच्या २,३०० च्या हमीभावाने ते सव्वाआठ क्विंटलवर आलं. धानाच्या मापात किंमत निम्म्याहून खाली उतरली. मग यंत्र घरोघरी दिसायला हवं होतं. इथे खोच अशी की पोर्टल बाजारात आलं तेव्हा ते एकट्याने चालत नव्हतं. घरात वाय-फाय हवं होतं आणि तेव्हा ५४,९९० रुपयांना मिळणारा प्लेस्टेशन ५ आधीपासून हवा होता. दोन्हींची बेरीज करा : ७३,९८० रुपये, पुन्हा ३२ क्विंटल. पाटीवरची किंमत आणि ते खरोखर चालवायला लागणारा पैसा या दोन निराळ्या रकमा आहेत.

त्यातही ज्या घराला वीस हजारांचं यंत्र परवडत नाही असं आपण म्हणतो, त्याच घरात पंधरा-वीस हजारांचा फोन येतो आणि हप्त्यावर मोटरसायकलही येते. तेव्हा मुद्दा पैसा आहे की नाही हा नाही. घातलेला पैसा किती काळ अडकतो आणि कोणत्या वाटांनी परत येतो, हा आहे. मोटरसायकल धानाचं पोतं राइस मिलवर नेते, आजारी माणसाला दवाखान्यात नेते आणि पाच वर्षांनी विकता येते. फोनचंही तसंच. त्यावर सातबारा पाहता येतो, मजुरी जमा झाली का ते कळतं, पोराचा अभ्यास होतो, नागपूरला शिकणाऱ्या मुलीशी बोलता येतं. रात्री तोच फोन खेळायला मिळतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर आल्या. अभ्यासाच्या निमित्ताने फोन घरात शिरला आणि त्याच्यासोबत खेळही आले. निव्वळ खेळासाठी घेतलेल्या यंत्राजवळ असं निमित्त नाही. ते घरातल्या एकाचंच असतं आणि एकाच कामाचं असतं.

फोनची दुसरी बाजू तर अधिक बोलकी आहे. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं. दोन्ही खेळ जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पोरांच्या तोंडी होते. खेळ बंद झाले, पण एकाही घरातला फोन वाया गेला नाही. कन्सोलचं तसं नसतं. व्हिटाचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. त्याचं मेमरी कार्डसुद्धा सोनीनेच बनवलेलं, दुसऱ्या कशात न चालणारं. ३२ जीबीचं कार्ड अमेरिकेत सुरुवातीला ९९.९९ डॉलरला विकलं जात होतं. कंपनीने हात काढून घेतला की यंत्राचा, कार्डाचा, सगळ्याचाच पैसा अडकून बसतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. फोनने हातातल्या कन्सोलला मारलं असतं, तर निन्टेन्डोचा ‘स्विच’ कसा चालला? २०१७ मध्ये, प्रत्येक खिशात स्मार्टफोन असताना तो आला आणि त्याची जगभरची विक्री १५ कोटींच्या वर गेली. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच ‘फोन आला, कन्सोल संपला’ हे सोपं उत्तर मी स्वीकारत नाही. स्विच जिथे खपला त्या जपानात आणि अमेरिकेत यंत्राभोवती एक अख्खा बाजार उभा आहे. खेळून झालेल्या गेमची कार्डं परत घेणारी, जुनी यंत्रं विकणारी, दुरुस्त करणारी दुकानं तिथे आहेत. सुट्टीत ज्याच्यासोबत खेळावं असा शेजारचा पोरगाही तेच यंत्र घेऊन बसलेला असतो. पितळेच्या भाषेत सांगायचं तर तिथे मोड मिळते.

आणि हा बाजार तयार नसेल तर खुद्द तिथेही नवं यंत्र अडतं. निन्टेन्डोचं ‘थ्रीडीएस’ २६ फेब्रुवारी २०११ रोजी जपानात २५,००० येनला आलं. त्याआधीच्या ‘डीएस’ने इतिहास घडवला होता, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. प्रत्यक्षात एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जगभरात जेमतेम ७ लाख १० हजार यंत्रं गेली. सहा महिने व्हायच्या आत, ११ ऑगस्टला, किंमत १५,००० येनवर आणावी लागली आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. आधी घेतलेल्यांची समजूत म्हणून त्यांना वीस जुने खेळ फुकट दिले गेले. किंमत उतरल्यावर विक्री वाढली हे खरं, पण यंत्राचा जम बसवला तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ आणि ‘मारिओ कार्ट ७’ या खेळांनी. शेवटी साडेसात कोटींहून अधिक थ्रीडीएस विकले गेले. याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २००९ चं ‘पीएसपी गो’. आधीच्या पीएसपीत खेळ चकतीवर येत; सोनीने ती चकती काढून टाकली आणि सगळे खेळ डाउनलोडवर नेले. लोकांजवळच्या जुन्या चकत्या निरुपयोगी झाल्या, घेतलेला खेळ मित्राला देता येईना, विकता येईना. वर किंमत २४९.९९ डॉलर, जेव्हा चकतीवाला पीएसपी १६९.९९ ला मिळत होता. युरोपातल्या काही दुकानदारांनी तर ते ठेवायलाच नकार दिला. खेळ विकून मिळणारा नफाच जिथे गेला, तिथे यंत्र कशाला ठेवायचं? दोन वर्षांच्या आत त्याचं उत्पादन बंद झालं. मोड काढून घेतली की श्रीमंत बाजारातलं गिऱ्हाईकही पाठ फिरवतं, हे दाखवणारं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता भंडाऱ्याच्या दुकानदाराच्या जागी उभं राहून पाहा. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे यंत्रं विकतच नाही. जी येतात ती आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून, कंपनीच्या वॉरंटीशिवाय. स्विचच्या बाजूच्या नियंत्रकातली काडी बोट न लावता आपोआप सरकू लागते, ही जगभर गाजलेली तक्रार. तसं झालं तर दुरुस्तीला न्यायचं कुठे? फोनचा डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगचा जॅक तालुक्याच्या कोणत्याही चौकात बदलून मिळतो. जुना फोन देऊन नवा घेता येतो, आणि तो जुना फोन पुन्हा कुणाच्या तरी हाती जातो. दुकानदार तीच वस्तू ठेवतो जी विकता येते, सुधरवता येते आणि परत घेता येते. त्याला मागासलेला म्हणणं अन्यायाचं आहे. तो आपल्या बापजाद्यांचा तराजूच वापरतो आहे.

कुणी म्हणेल, मग जत्रेतला ‘ब्रिक गेम’ कसा खपत होता? त्याला तर कसलीच मोड नव्हती. खरं आहे, पण त्यात पैसाही अडकत नव्हता. तो खेळण्याच्या भावाने मिळे, किराणा दुकानातल्या सेलवर चाले, आणि बिघडला तर हळहळ एका संध्याकाळची. टीव्हीला जोडायच्या गेमचं तर मोडीशी थेट नातं होतं : पोरं कॅसेट आपसांत बदलून घेत, आणि पडदा घरातल्या टीव्हीचाच असे. निन्टेन्डोचा १९८९ चा ‘गेम बॉय’ ब्रिक गेमच्याच धाटणीचा. त्याचे कर्ते गुनपेई योकोई यांनी मुद्दाम जुनं, स्वस्त झालेलं तंत्र वापरलं. एकरंगी पडदा, चार सेल, आणि तेवढ्यावर कित्येक तास खेळ. सेगाचा रंगीत ‘गेम गिअर’ सहा सेल काही तासांत खाऊन टाकी; तो मागे पडला.

दुसरा आक्षेप ऑनलाइन खरेदीचा. आता लाखांदूरच्या खेड्यातही पार्सल येतं, मग दुकान हवंच कशाला? पार्सल येतं, हे बरोबर. पण बाजाराला जशी येण्याची वाट लागते तशी परतीचीही लागते. सहा महिन्यांनी बटण बसलं, मुलाचं मन उडालं, बारावीचं वर्ष आलं, तर ते यंत्र द्यायचं कुणाला? पेटीतून आलेली वस्तू मग कपाटातच राहते.

पोरं तशीही खेळतातच, कन्सोल खपला नाही तर बिघडलं काय, असंही विचारता येईल. मला वाटतं, बिघडतं. कन्सोलवरचा चांगला खेळ बहुधा एकदा पैसे मोजून घेतलेला, सुरुवात-शेवट असलेला, जाहिरातींनी न तुटणारा असतो. फोनवरचा फुकट खेळ दर थोड्या वेळाने जाहिरात दाखवतो आणि खेळातले ‘डायमंड’ खऱ्या पैशांनी विकत घ्यायला सांगतो. बापाच्या खात्यातून थोडे थोडे करून किती गेले ते महिनाअखेरीस कळतं. धानाच्या गावातल्या पोरालाही तो दुसरा, पूर्ण खेळ मिळायला हवा. त्यासाठी कंपन्यांनी नागपूरच्या मॉलमधला झगमगाट थोडा कमी केला तरी चालेल. यंत्र विकतानाच तीन वर्षांनी ते किती रुपयांना परत घेऊ हा आकडा बिलावर छापावा, जुनी यंत्रं तपासून, हमीसह कमी भावात पुन्हा विकावीत, आणि तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला सुटे भाग मिळू द्यावेत. हे तिसरं काम सर्वांत स्वस्त आहे, आणि सुरुवात तिथूनच करता येईल.