मुलाच्या बाजूने कोण?

गास हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचं गाव. वाड्या, बावखलं म्हणजे पाण्याची लहान तळी, कादोडी बोलणारी जुनी घरं आणि सगळे एकमेकांना नावानिशी ओळखणारे. स्टेशन ओलांडून पूर्वेला गेलं की चाळींची दाटी आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून पोटासाठी आलेली कुटुंबं. या दोन्हीकडच्या एखाद्या मुलावर अत्याचार झाला, तर प्रकरण शेवटी वसईच्या न्यायालयात येतं. तिथे सरकारतर्फे सरकारी वकील असतो आणि आरोपीतर्फे त्याचा वकील. मुलाच्या बाजूने कोण?

आपल्या फौजदारी व्यवस्थेत गुन्हा राज्याविरुद्ध मानला जातो. त्यामुळे ज्याच्यावर तो घडला, ते मूल खटल्यात फक्त साक्षीदार असतं. इंग्लंडमध्ये मुलाच्या ताब्याविषयी सरकारी यंत्रणा न्यायालयात गेली, तर १९८९ च्या बालक कायद्यानुसार मुलाला स्वतःचा पालक-प्रतिनिधी आणि वकील मिळतो. त्याची बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टरांची तिथे एक शाखाच तयार झाली आहे. आपल्याकडे अशी शाखा नाही. मात्र १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम ४० ने मुलाच्या कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील उभा करण्याचा हक्क दिला आहे, आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यायचा आहे. हा हक्क वापरला गेला तर काय बदलतं आणि नाही वापरला तर काय हातचं जातं, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात पोलीस ठाण्यापासून होते. मुलाचा जबाब शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. तो मुलाच्या घरी किंवा मूल म्हणेल तिथे, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. कागदावर हे सगळं चोख आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या आईबापांच्या पायाखालची जमीन सरकली आहे, ते कलमं कशी आठवणार? ती आठवणारा माणूस पहिल्याच दिवशी सोबत असावा लागतो.

मग जामिनाचा टप्पा. आरोपीने जामीन मागितला, सुनावणी झाली, तो सुटून त्याच आळीत परत आला, आणि मुलीच्या घरच्यांना हे तो दारासमोरून गेला तेव्हा कळलं, असं वर्षानुवर्षं घडत होतं. अर्जुन माळगे या सामाजिक कार्यकर्त्याच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ रोजी निकाल दिला: पॉक्सोच्या प्रकरणात जामिनाच्या अर्जाची नोटीस पीडित बालकाच्या बाजूला मिळालीच पाहिजे आणि त्यांना म्हणणं मांडता आलं पाहिजे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात की अशा दहांपैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. नात्यातला, शेजारचा, शिकवणीचा. त्याने बाहेर येऊन ‘आपसात मिटवू’ म्हटलं की गावात दडपण येतं आणि चाळीत भाडेकरूला खोली सोडावी लागण्याची भीती असते. जामिनाचा अर्ज आला की मुलाच्या वकिलाला ही भीती न्यायालयासमोर शब्दांत ठेवावी लागते.

वयाच्या पुराव्यावर तर कित्येक खटले अडतात. बाल न्याय कायद्याचं कलम ९४ आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला मागतं, तो नसेल तर महापालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर वैद्यकीय तपासणी. गाससारख्या ख्रिस्ती गावात चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात, पण कलमाच्या यादीत त्यांचं नाव नाही. पूर्वेकडच्या चाळीतल्या मुलीचा दाखला गावाकडच्या शाळेत असतो, तो वेळेत मागवावा लागतो. आरोपपत्र दाखल झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

साक्षीचा दिवस सगळ्यात अवघड. पॉक्सोच्या कलम ३३ नुसार आरोपीचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाही. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचा आणि त्यांनी तो मुलाला विचारायचा. समजा, प्रश्न आला: ‘सदर घटनेच्या वेळी तू आरोपीसमवेत स्वेच्छेने गेली होतीस, असे म्हटल्यास खोटे ठरेल काय?’ आठ वर्षांच्या मुलीने ‘हो’ म्हटलं तरी घोळ आणि ‘नाही’ म्हटलं तरी घोळ. इथे वकिलाने उठून एवढंच म्हणायचं असतं की प्रश्न सोपा करून विचारावा. मग तो होतो: ‘तू त्याच्याबरोबर का गेलीस?’ उत्तर येतं, ‘त्याने बोलावलं म्हणून.’ नोंदीत हेच वाक्य जायला हवं. मूल कादोडी, वारली किंवा भोजपुरी बोलत असेल, तर कलम ३८ प्रमाणे दुभाषाही मागता येतो. मुलाची आरोपीशी नजरानजर होऊ नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओ-दुवा वापरता येतो. महाराष्ट्रातूनच गेलेल्या स्मृती तुकाराम बडदे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रं उभारण्याचे आदेश सर्व उच्च न्यायालयांना दिले.

मुलाचं म्हणणं टिकवायला किती काळ झुंजावं लागतं, याचं उदाहरण कुलाब्याच्या अँकरेज निवाऱ्यांच्या खटल्यात आहे. रस्त्यावरच्या मुलांसाठी परदेशी माणसांनी चालवलेल्या त्या निवाऱ्यांतल्या मुलांचा छळ २००१ मध्ये पोलिसांत नोंदला गेला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं आणि १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तोवर ती मुलं तरुण झाली होती. माहरुख अडेनवाला यांच्यासारख्या वकिलांनी ही लढाई सोडली नाही, म्हणून तो निकाल लागला.

या कामातली खरी कसोटी मात्र वेगळी आहे. मुलाचं हित आणि कुटुंबाची इच्छा दरवेळी एक नसते. बापच आरोपी असतो आणि आईला चूल पेटती ठेवायची असते. किंवा सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने गेलेली असते आणि तक्रार घरच्यांच्या रागातून आलेली असते. फी घरचे देत असले तरी वकिलाने आधी मुलाचं ऐकलं पाहिजे, यात मला तडजोड मान्य नाही. मूल घरात सुरक्षित नसेल, तर बालकल्याण समितीला तीन दिवसांत त्याच्या ताब्याविषयी ठरवायचं असतं, आणि तिथेही वकिलाचा शब्द लागतो.

वसई-विरारमधल्या तरुण वकिलांनी हे काम हाती घ्यावं, ही विनंती. आणि पालकांनो, वेळ आली तर १०९८ किंवा ११२ वर फोन करा. तक्रारीची प्रत मागा, खटल्यात मुलाला साथ देणारी मदतनीस व्यक्ती मागा, पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या ‘मनोधैर्य’ योजनेचा अर्ज भरा आणि तालुका विधी सेवा समितीकडे मुलासाठी वकील मागा. मुलांसाठी तो मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.