पाण्याची वाट अडवू नका!

सहल म्हटली की आपल्या कष्टकरी कुटुंबांना आधी खर्च आठवतो. परंतु नवी मुंबईत एक जागा अशी आहे की जेथे तिकीट नाही आणि पाहण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. नेरूळच्या तळ्यांची ही माहिती आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ही तळी माणसाच्या हातून झालेली आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हा या पट्ट्यात आगरी-कोळी बांधवांची भातशेती, खाजणे आणि मिठागरे होती. त्यांवर भराव पडून शहर उभे राहिले. जमीन सखल, भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर पाणी जाणार कोठे? म्हणून हॉलंड देशाच्या पद्धतीने धारण तलाव करण्यात आले. भरती आली की तलावाच्या झडपा मिटतात व शहराचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की ते खाडीत जाते. पाम बीच मार्गालगतचा डीपीएस तलाव थोडा निराळा. भराव आणि रस्ते यांच्यामध्ये उरलेला खाडीचा हा सुमारे ३० एकरांचा तुकडा. तो भरतीच्या पाण्यावरच जगतो.

येथे बगळे, शेकाट्या, पाणकावळे, खंड्या दिसतात. चिखलात निवट्या उड्या मारतात. जवळच्या तिवरांत कोल्हेसुद्धा आहेत. पण खरे पाहुणे म्हणजे रोहित पक्षी, ज्यांना लोक फ्लेमिंगो म्हणतात. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. चोच उलटी धरून ते पाणी गाळतात व त्यातले शेवाळ आणि बारीक जीव खातात. त्या अन्नातूनच पंखांना गुलाबी रंग येतो.

हे पक्षी ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला की त्यांना उथळ पाण्याची जागा लागते, आणि ती ही तळी देतात. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली रामसर यादीत स्थानही मिळाले. परंतु खाडी राखली आणि तळी मारली तर भरतीच्या वेळी पाखरांनी टेकायचे कोठे?

ही भीती खरी ठरली. खाडीचे पाणी येण्याची वाट बंद झाली आणि डीपीएस तलाव आटला. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत या परिसरात दहाहून अधिक रोहित मेले. जागरूक नागरिकांनी आवाज उठविला. अखेर एप्रिल २०२५ मध्ये हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. केवळ पाटी लावून मात्र पाखरू जगत नाही. रोजच्या भरतीचे पाणी आत आले पाहिजे.

पाण्याची वाट अडवली की काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हे जगाला सांगण्यासाठी. जखमी हंसाला पोटाशी धरणाऱ्या सिद्धार्थाची गोष्ट आपली मुले विहारात ऐकतात. पहिले शीलही हेच सांगते. मग मुक्या पाखरांचे पाणी तुटत असताना आपण गप्प बसावे काय?

माता-भगिनींनो, पौर्णिमेला खाडीला उधाण असते आणि दुपारच्या सुमारास भरती येते. माघ किंवा फाल्गुन पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना आटोपून, डबा बांधून मुलांना येथे आणा. सीवूड्स-दारावे स्थानकावर उतरा. पाखरांवर दगड मारू नका, पिशव्या टाकू नका. आणि तलाव कोरडा दिसला तर महापालिकेकडे व वनखात्याकडे लेखी अर्ज करा. अर्जावर सह्या मुलांसमोर करा. पाण्यासाठी कसे उभे राहायचे, हे त्यांनाही कळू द्या.

जय भीम!